धनेशाची ढोली

मानक नगर, लखनौ
रविवार, २२ फेब्रुवारी

चि. अवनी,

तू फोनवर माझा नंबर बंद केलास, त्याला या पाडव्याला दोन वर्षं होतील. पत्र बंद करायची सोय अजून कुणी काढलेली नाही. भुवनेश्वरचा तुमचा पत्ता बाबांच्या टेबलाच्या खणात मिळाला. खण उघडाच होता. म्हणजे, कुलूप नव्हतं.

आधी चांगलं सांगते. यंदाची पक्षीफेरी आजपासून सुरू झाली. सकाळी सहाला गेटवर अकरा माणसं जमली आणि त्यातल्या आठ बायका. वरच्या मजल्यावरच्या सक्सेनाबाई यादी लिहायला बसतात, कारण त्यांचं अक्षर चांगलं आहे आणि कान फार चांगले नाहीत. पाण्याच्या टाकीजवळची काटेसावर फुलांनी लाल झाली आहे, पान औषधालाही नाही. एका झाडावर तासाभरात चौदा जाती मोजल्या. खारीसुद्धा फुलात तोंड घालून रस पितात, हे सक्सेनाबाईंनी साठ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. तांबट दुपारभर ठोकत असतो. दर वर्षी सांगते तोच नियम यंदाही सगळ्यांना सांगितला: पाहिलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही.

आता दुसरं. मला कळलं आहे. तू सांगितलं नाहीस, बाबांनीही नाही. पण गेल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं की अळिवाला हिंदीत काय म्हणतात. चौतीस वर्षांच्या संसारात ज्यांना जिरं आणि ओवा वेगळा ओळखता आला नाही, त्यांना अळीव कशाला हवेत?  चार दिवसांनी त्यांच्या कॅलेंडरवर बारा मेच्या चौकटीत पेन्सिलीचं एक बारीक टिंब सापडलं. मग बोटांवर महिने मोजले.

म्हणजे तुला सातवा लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, अवनी. ही पद्धत काही मी काढलेली नाही. तुझी खोली झाडून घेतली आहे. पुढे विमानात बसू देणार नाहीत, तेव्हा मार्च संपायच्या आत ये. एकटी ये. ‘एकटी’ हा शब्द खोडणार होते, पण राहू दे.

हे पाकीट तुझ्याआधी कोण उघडतं, मला ठाऊक नाही. ज्याने उघडलं असेल त्यानेही सावकाश वाचावं.

तुझी आई

मानक नगर
रविवार, ८ मार्च

चि. अवनी,

पत्र परत आलं नाही. म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, त्याचा अर्थ मी अजून लावलेला नाही.

तुझे बाबा हल्ली संध्याकाळी मैदानात फेऱ्या मारतात. डॉक्टरांनी सहा वर्षं सांगून जो माणूस चालला नाही, तो आता चप्पल शोधत नाही, बूट घालतो. मी गॅलरीतून दुर्बीण लावली. ते चालत नाहीत, बाकावर बसून फोनवर हसत असतात. तुझ्याशी बोलत असतील तर बरंच आहे. दुसऱ्या कुणाशी बोलत असतील तर तेही कळेल.

कॉलनीत राखी धनेशाची जोडी आली आहे. क्लबामागच्या जुन्या पाकडाच्या, म्हणजे पिंपरीच्या, झाडाची ढोली दोघं आठवडाभर तपासून बघत आहेत. नर आत डोकावतो, बाहेर येतो, मादी पुन्हा स्वतः जाऊन खात्री करते. मला तिचं फार कौतुक वाटलं. आता ती एक दिवस आत जाऊन बसेल, चिखल आणि विष्ठेने दार लिंपून घेईल आणि चोचीपुरती फट ठेवेल. पुढे दोन-अडीच महिने नर तिला बाहेरून भरवणार. पिंपळाची, पाकडाची फळं घशात भरून आणायची आणि एकेक काढून द्यायची. त्याला काही झालं तर आतली सगळी उपाशी मरतात. आजच्या फेरीत मी सगळ्यांना म्हटलं, बघा, याला म्हणतात भरवसा. माणसांत असा शोधून दाखवा. सक्सेनाबाईंनी ते वाक्यसुद्धा यादीत लिहून घेतलं.

भरवशावरून आठवलं. कॉलनीत पोपटांची पिल्लं चोरीला जात आहेत. या दिवसांत पोपटांच्या ढोल्यांतून पिल्लं काढून बाजारात विकतात, हे तुलाही माहीत आहे. टाकीमागच्या आंब्यावर तीन ढोल्या आहेत. त्यातल्या एकीतून मागच्या सोमवारी पिल्लांचा आवाज येत होता, गुरुवारी बंद. आणि शुक्रवारी त्याच झाडाला शिडी टेकलेली होती. शिडी जयसिंगची. हा नवा माळी, उन्नावकडचा, दिवाळीनंतर लागला. मी विचारलं तर त्याने एक थाप मारली. ती इथे लिहिण्यासारखीही नाही. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, झाडाकडे बघत होता.

मी वहीत शिडीची वेळ लिहून ठेवली आहे. घाबरू नकोस, वही नवी आहे.

तुझी आई

मानक नगर
गुरुवार, १९ मार्च, पाडवा

चि. अवनी,

गुढी बाबांनी उभारली. श्रीखंड केलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याचं पातेलं मला अजून आठवतं, कुणी न वाढून घेतलेलं.

तू म्हणशील, मी त्या दिवसावर कधी धड बोलले नाही. तर बोलते. तुझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. इंद्रजितराव अमौसीला विमानतळावर नोकरीला होते, तुम्ही आशियान्यात राहत होता. ड्यूटी दोनला सुटे आणि माणूस घरी यायचा पाचला. तू विचारत नव्हतीस, म्हणून मी बघितलं. अकरा दिवस बघितलं. त्यातले पाच दिवस त्यांची मोटरसायकल जुन्या शहरात, चौक भागातल्या एका गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत एका दाराशी ते थांबत, एक बाई दार उघडे, विस्कटलेल्या केसांची, खांद्यावर चिकनकारीच्या भरतकामाचा कपडा. दार बंद होई. पाऊण तास, तास. मी तारीख आणि वेळ लिहून घेतली. हाताशी पक्ष्यांचीच वही होती, म्हणून त्यात लिहिली.

ती मी त्यांच्या आईवडिलांसमोर पानावर वाचून दाखवायला नको होती, हे मान्य. पण अवनी, त्यांनी लपवलं होतं की नाही? ‘ती माझी बहीण आहे’ हे एवढंसं वाक्य बोलायला तुमच्या साखरपुड्यापासून किती दिवस मिळाले होते? थोरली मुलगी दुबईला असते असं त्यांच्या वडिलांनी मला स्वतः सांगितलं होतं. सासर सोडून आलेली, डोक्याच्या आजाराची औषधं चालू असलेली मुलगी याच शहरात खोली घेऊन राहते, हे आम्हाला कळायला नको? मी काही बनवून सांगितलं नव्हतं. जे दिसलं ते वाचलं. तरी त्यांचे वडील भरल्या पानावरून उठले आणि खोटी ठरले मी.

असो. सणाच्या दिवशी हे उकरून काढायचं नव्हतं.

काल धनेशाच्या मादीने दार लिंपून घेतलं. शेवटचे दोन दिवस नर ओला चिखल आणून देत होता. आज त्याने सकाळी दोन तासांत सात खेपा केल्या. मी स्टूल घेऊन खाली बसले होते. कडुलिंबाला नवी तांबूस पालवी आली आहे, हवेत गारवा आहे, आणि मला वाटलं, तू इथे असतीस तर पाय वर घेऊन शेजारच्या खुर्चीत बसली असतीस. आपण काही बोललो नसतो तरी चाललं असतं.

आंब्यावरची दुसरी ढोलीही रिकामी झाली. मी कॉलनीच्या कमिटीला लेखी दिलं आहे, वेळांसकट.

तुझी आई

मानक नगर
रविवार, २९ मार्च

चि. अवनी,

मार्च संपत आला. तू येत नाहीस हे मला कुणी सांगितलेलं नाही, कळलं आहे.

तिथे तुला कोण बघतं? सकाळी उठल्यावर उलटी होते का अजून? पाय सुजतात का? तुझ्या वेळी माझे फार सुजले होते. इंद्रजितना स्वयंपाक येत नाही, हे मी तुमच्याच घरी पाहिलं आहे. बाबांना विचारलं तर म्हणतात, ‘ती बरी आहे, तिच्याजवळ माणूस आहे.’ कोण माणूस, ते सांगत नाहीत. लपवायचं असलं की हे चष्मा पुसतात. काल दोनदा पुसला.

जयसिंगला आपल्या भागातून काढून कॉलनीच्या पार पलीकडच्या टोकाला, रोपवाटिकेत पाठवलं. जाताना तो मला भेटला नाही. त्याच्या बायकोने मात्र गेटवर मला नमस्कार केला. ती आपल्या भागात पोळ्यांचं काम करायची, दोन घरांनी तिचं काम बंद केलं आहे. मी तसं करा असं कुणालाच सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. जयसिंगला जाऊन पाच दिवस झाले, शिडीही गेली. आणि काल तिसऱ्या ढोलीतलं एक पिल्लू कमी झालं. मी परवा दोन मोजली होती, काल एकच डोकं वर येत होतं. त्याचा कुणी साथीदार असला पाहिजे. पुढच्या रविवारची फेरी मी आंब्याखालीच ठेवते आहे. चौदा जोड्या डोळे असले तर चोर सुटायचा नाही.

तुला काय खावंसं वाटतं, तेवढं तरी कळव. कागदावर एक शब्द लिहिलास तरी पुरे.

तुझी आई

मानक नगर
रविवार, ५ एप्रिल

चि. अवनी,

चोर सापडला. साडेसहाला, चौदा जणांसमोर.

आम्ही आंब्यापासून वीस पावलांवर बसलो होतो. पोपटाची मादी दाणापाण्याला गेली आणि पाकडाकडून धनेशाचा नर आला. ढोलीच्या काठावर बसला. सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या, कारण इतक्या जवळून तो कधी दिसला नव्हता. मी कुजबुजत सांगत होते, चोचीवरचं शिंग बघा. त्याने मान आत घातली आणि पोपटाचं पिल्लू बाहेर ओढलं. हिरवे कोंब नुकते फुटलेले, जिवंत. फांदीवर दोनदा आपटलं आणि तो उडाला. आम्ही वळून पाकडाकडे पाहिलं. त्याने ते फटीतून आत दिलं. आतल्या चोचीने ते घेतलं.

 मग सक्सेनाबाईंनी पेन्सिल वर धरून विचारलं, “मैडम, यह भी लिखना है?”

मी म्हटलं, लिहा.

जयसिंगने महिन्यापूर्वी मला जी थाप मारली म्हणून मी तुला कळवलं, ती अशी होती: “बच्चे तो धनेस ले जाता है, मैडम. हमारे गाँव में सब जानते हैं.” मी त्याला हसले होते. धनेश फळं खातो, असं त्याला शिकवलं होतं. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं मी. धनेश सरडे, उंदीर, पिल्लं खातो हे मी पुस्तकात वाचलेलं आहे. पण हा माझा धनेश होता. त्याच्यावर मी नजर ठेवली ती फक्त कौतुकाने. आणि ज्या माणसावर आधीच मन बसलं नाही, त्याच्या शिडीची वेळ लिहीत बसले. शिडी सुकलेली फांदी काढायला लावली होती. ती फांदी झाडाखाली पडलेली मी पाहिली होती. वहीत लिहिली नाही.

फेरी तिथेच संपवली आणि रोपवाटिकेत गेले. जयसिंग झेंडूच्या रोपांना पाणी घालत होता. मी माफी मागितली, कमिटीला दुसरं पत्र देते म्हटलं, परत ये म्हटलं. तो म्हणाला, पत्र द्या, त्याने त्याच्या बायकोची कामं परत मिळतील. पण तो येणार नाही. “यहाँ ठीक है, मैडम. यहाँ कोई दूरबीन नहीं लगाता.” रागाने नाही बोलला. 

घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला नाही. म्हणाले, मी अवनीशी रोज बोलतो, आणि तू दुर्बीण लावून बघतेस तेही मला दिसतं. मग म्हणाले, तिच्याजवळ नीलम आहे. इंद्रजितने बदली घेतली ती बहिणीला आपल्या घरी नेता यावं म्हणून. दीड वर्ष तिघं एकत्र राहतात. अवनीच्या उलट्यांच्या दिवसांत रात्रंदिवस नीलमच तिच्याजवळ होती.

‘तिच्याजवळ माणूस आहे’ म्हणाले होते, ते माणूस नीलम निघालं, जिच्यावर दोन वर्षांपूर्वी मी संशय घेतला होता.

आता पाडव्याच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. तू विचारलं असतंस तर मी नाकारलं असतं, म्हणून तू विचारायच्या आत. मी त्या गल्लीत फक्त बघत उभी राहिले नव्हते. मी तीन दारांशी जाऊन विचारलं होतं, या बाईकडे दुपारी पुरुष येतो तो कोण. अशा प्रश्नाचं पुढे काय होतं, हे बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या बाईला कळतं. मला कळत होतं. आठवड्यात घरमालकिणीने तिला खोली सोडायला लावली. हे मला पाडव्याआधी दोन दिवस कळलं होतं. तरी मी वही वाचली.

इंद्रजित काहीतरी लपवत होते, हे खरं होतं. पिल्लं नाहीशी होत होती, हेही खरं होतं. त्यापुढचं सगळं माझं. मला लाज वाटते, अवनी. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. माझ्या इथे तर चोर नव्हताच कुणी. तो पक्षीसुद्धा आपल्या घरच्यांना भरवत होता.

मी आता तुला ये म्हणत नाही. पद्धतीचं नावही काढत नाही. मीच यावं का, एवढंच विचारते. भांडी घासायला ठेव, तरी चालेल.

आई

मानक नगर
गुरुवार, ९ एप्रिल

नीलमताई,

तुम्ही मला एकदाच पाहिलं असेल, गल्लीच्या तोंडाशी, उन्हाळी टोपी आणि गळ्यात दुर्बीण. मी अवनीची आई. वयाने मी मोठी आहे, तरी तुम्हाला अहोजाहो करते, कारण ‘तू’ म्हणण्याइतकी ओळख मी होऊ दिली नाही.

काल अवनीचा फोन आला. दोन वर्षांनी तिचा आवाज ऐकला आणि मी पहिली काही मिनिटं नुसती हो, हो म्हणत राहिले. मी यावं का, असं पत्रात विचारलं होतं. ती म्हणाली, “आई, हे घर ताईंचंही आहे. त्यांना विचार. मी मध्ये पडणार नाही.” त्यानंतर ती दमली आणि तिने फोन ठेवला. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी तुमच्या बाबतीत काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या हाताने लिहिलेलं असावं. तुम्ही कोण, हे तुम्हाला न विचारता मी शेजारणींना विचारलं. त्यांच्या मनात जे आलं, ते यावं म्हणूनच विचारलं. तुमची खोली त्यामुळे गेली. पुढे तुमच्या आईवडिलांसमोर मी तुमचं येणंजाणं, तुमचे केस, तुमचे कपडे वाचून दाखवले. तुम्ही आजारी होता आणि भाऊ औषधं घेऊन येत होता. विचारलं असतं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं. न सांगायचंच त्यांनी ठरवलं असतं, तरी तो तुमचा हक्क होता.

परवा मी चौकात गेले. तिन्ही दारांशी जाऊन सांगितलं की ती बाई माझ्या जावयाची सख्खी बहीण, आणि मी विचारलं ते पाप होतं. एका घरी आता दुसरे लोक राहतात, त्यांना काही कळलं नाही, तरी सांगितलं. तुमची घरमालकीण म्हणाली, “अब कहने से क्या, मैडम. कमरा तो तभी उठ गया था.” तिचं बरोबर आहे. मी गेले ते माझ्या मनासाठी गेले असेन. तुम्हाला त्याचा उपयोग नाही, हे कळतं मला.

माझी मुलगी पहिलटकरीण आहे आणि मला भीती वाटते. आईला वाटते तशी. तिचे पाय तुम्ही रोज चेपून देता, असं यांनी सांगितलं. ते ऐकून आधी मला हेवा वाटला. मग बरं वाटलं. ज्या बाईची खोली मी घालवली, तिच्या हाताखाली माझी मुलगी शांत झोपते.

मला यायचं आहे. पुढच्या महिन्यात, महिनाभर. तुमच्या घरात तुम्ही सांगाल तिथे झोपेन आणि तुम्ही सांगाल तेवढंच करेन. पण तुम्हाला मी घरात नको असेन, माझ्यामुळे तुमची झोप जाणार असेल, औषध वाढणार असेल, तर नको. अवनीकडून निरोपही पाठवू नका, तिला मध्ये घालू नका. तसं असेल तर या पत्राला उत्तर देऊ नका, म्हणजे मला समजेल.

मी कुणाला काही विचारणार नाही.

विजया